मालनच्या हातावरची गाठ

गोष्ट एकोणीसशे शहाऐंशीची, घाटकोपरच्या एका इस्पितळातली. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून, काचेवर पसरून रोग ओळखायची पद्धत उपनगरांत तेव्हा नुकती कुठे येत होती. त्या काचा रंगवायचं काम वनमालाकडे होतं. मूळची देवगडची, बाप गिरणीत, तोंड फटकळ.

मालन मरोळच्या कारखान्यात रेडिओचे भाग जोडायची. वय सव्वीस. उजव्या मनगटाच्या चार बोटं वर, तीन आठवड्यांत तिला लिंबाएवढी गाठ आली होती. सर्जन डॉ. सबनीस विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन खाटेशी आले आणि बाजारात पापलेट दाबून बघावं तसा तो हात त्यांनी उलटासुलटा केला. मालन कळवळली तरी बोटं थांबली नाहीत.

"इतकी झपाट्याने वाढते म्हणजे सारकोमा. मांसातला कॅन्सर. असा रोज बघायला मिळत नाही, फोटो काढून घ्या, पुण्याच्या परिषदेत दाखवू." मालनकडे न बघताच पुढे म्हणाले, "गुरुवारी हात कोपरापासून काढू."

सुईचं सामान घेऊन वनमाला तिथेच उभी होती. लोकांच्या शौचाच्या डब्या तपासताना जिला कधी मळमळलं नाही, तिला सबनीसांच्या त्या बोटांची शिसारी आली.

पॅथॉलॉजीच्या डॉ. कुंदा मयेकरांनी सुई टोचली. दुपारी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून त्यांनी वनमालाला बोलावलं.

"बघ."

"किती गर्दी आहे हो बाई. आणि दुभंगतायत पण. कॅन्सरच ना?"

"मलाही आधी तेच वाटलं. पण केंद्रकं बघ, सगळी एका साच्यातली. कॅन्सरमध्ये एकाचा मेळ दुसऱ्याला नसतो. जखम भरायला धावतात ना, तशा पेशी आहेत या, उगाच खवळलेल्या. अशी गाठ आपली आपण विरते. मी आजवर दोनच पाहिल्या."

"नक्की?"

"तीन आठवडे थांबलो तर कळेल. वाढतच राहिली तर मी चुकले."

तसा रिपोर्ट टाइप झाला. वनमाला तो घेऊन गेली. सबनीसांनी वाचला, घडी घातली.

"बाईंना म्हणावं, 'कॅन्सर नाकारता येत नाही' एवढं लिहा. परिषदेला ही केस कळवून झालीय." दोन शिकाऊ डॉक्टर हसले. रिपोर्ट टेबलाच्या खणात गेला.

कुंदाबाईंनी एक अक्षर बदललं नाही. पण मालनला कोणी काही सांगितलंही नाही. बुधवारी वनमालाच रिपोर्टची कार्बन कॉपी घेऊन वॉर्डात गेली.

"इंग्रजी आहे, ताई."

"मग ऐक." तिने सगळं सांगितलं.

"आणि तुमच्या बाई चुकल्या तर?"

"तर जिवाशी येईल, खोटं कशाला सांगू? पण हात तीन आठवड्यांनी पण कापता येतो. कापलेला परत लावता येत नाही."

"तुमचा असता तर?"

"थांबले असते."

त्याच संध्याकाळी मालनचा नवरा अंबादास स्वतःच्या जबाबदारीवर सही करून तिला घरी घेऊन गेला.

दर सोमवारी ती यायची. कुंदाबाई टेपने गाठ मोजायच्या. पहिल्या सोमवारी जेवढ्यास तेवढी. दुसऱ्या सोमवारी किंचित मोठी. त्या दिवशी वनमालाने जेवणाचा डबा उघडला नाही. तिसऱ्या सोमवारी बोराएवढी उरली होती. पाचव्याला हाताला काही लागेना.

पुण्याला सबनीस गेले ते वनमालाने रंगवलेली तीच काच घेऊन. सुईमुळे आपण एका गरीब बाईचा हात कसा वाचवला, ते त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. कुंदाबाईंचं नाव कुठे नव्हतं. वनमालाला मात्र रिपोर्ट बाहेर दिला म्हणून मेमो आला आणि मुलुंडच्या दवाखान्यात बदली झाली.

सबनीस पुढे विभागप्रमुख झाले, सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या शोकसभेचं बोलावणं आलं तेव्हा वनमाला गेली नाही. कुंदाबाईंनी बोरीवलीला स्वतःची लॅब काढली आणि डोळ्यांनी साथ दिली तोवर काचा बघितल्या. अंबादास लवकर गेला. मालनने त्याच कारखान्यात दोन्ही हातांनी काम करून दोन पोरी शिकवल्या. वनमाला मुलुंडलाच निवृत्त झाली. तो मेमो कपाटातून काढून टाका, असं सून दर दिवाळीला म्हणते. ती टाकत नाही.