माटवीतलं पाखरू

निलेशच्या तेराव्याला लालबागच्या आमच्या चाळीत चपलांना जागा उरली नाही. माणसं जेवायला आली आणि पाखरू बघत उभी राहिली. फुलपाखराच्या जातीचं, पण तळहाताहून मोठं, विटकरी, पंखांत काचेसारख्या खिडक्या, आणि बसलं होतं नेमकं माझ्या भावाच्या फोटोवर.

"माझो झील इलो, माझो निलेश इलो," आई म्हणाली.

चाळीतले देवरुषी माधवबुवा टपलेलेच होते. आत्मा अतृप्त आहे, दुधाला शिवला नाही तर इच्छा राहिली समजा, शांत करावी लागेल... बुवांची टेप सुरू झाली. पाखराने पुढे ठेवलेल्या दुधाच्या वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग बुवांनी फर्मावलं, पोर खात नाही तोवर आईनेही खायचं नाही. आईला मधुमेह. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने इन्सुलिन टोचून घेतलं आणि घास काही घेतला नाही. दुपारी साखर उतरून तिचे हात थरथरायला लागले.

"तो खाणा नाय, मी कशी खाव?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. पण खरं सांगते, तो निलेशच असावा असं मलाही वाटत होतं. म्हणूनच चीड आली, बुवांची आणि माझीही.

हे आलं कुठून ते बघायला स्टुलावर चढले. गणपतीवर फळं नि डहाळ्यांचे टाळे टांगायची लाकडी माटवी अजून छताला तशीच होती. गावाहून आलेल्या दालचिनीच्या टाळ्यात, सुकल्या पानाआड, एक फुटका कोश. दरवर्षी निलेशच माटवी बांधायचा, तोच उतरवायचा. यंदा विसर्जनाला तो हॉस्पिटलात होता.

कोश आईच्या हातात दिला. म्हटलं, हा कोकणातल्या रानातला पतंग. अळी असतानाच जन्माचं खाऊन घेतो, आणि पंख फुटल्यावर जेमतेम आठवडा जगतो.

"आई, ह्याला तोंडच नाही गं. आणि ही मादी आहे. फोटोच्या चौकटीवर अंडी घातलीत बघ."

आत्म्याला नर-मादी नसते, पाखरू बघायला पुन्हा आलेले बुवा पुटपुटले. जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणी मान डोलावली नाही.

आईने अंड्यांवरून बोट फिरवलं. ह्यातून पिल्लं निघतील का, तिने विचारलं. नाही म्हटलं. नर राहिले तिकडे रानात, लालबागमध्ये हिच्या वासावर येणार कोण?

"म्हणजे झील येवचो नाय."

"नाही, आई."

तेव्हा ती रडली, निलेश गेल्यापासून पहिल्यांदा. मी ताज्या दुधात साखर घालून दिली. ती प्यायली.

तुमच्या घरी असं काही येऊन बसलं, तर ते कुठून आलं ते आधी बघा. बुवा नंतर. आणि घरातल्या माणसाला जेवू घाला.

पतंग चौथ्या दिवशी मेला. माटवी मी उतरवली. गाठी निलेशने मारलेल्या, सुटता सुटेनात. शेवटी सुरीने कापल्या.