शेजारच्या सीटचा ब्रेक

मित्रांनो, माझ्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी आहे, पण शिकाऊ मी नव्हे. मी ड्रायव्हिंग स्कूलची जुनी, मुरलेली गाडी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा मला इतर गाड्यांसारखा एकच ब्रेक होता. पुढे एका गॅरेजमध्ये माझ्या शेजारच्या सीटखाली आणखी एक ब्रेक आणि क्लच बसवला. शिकणाऱ्याचा पाय चुकला, तर शिकवणाऱ्याने मला थांबवावे म्हणून.

शिकवायच्या आमच्या बाई. आवाज खणखणीत, नजर घारीची. लोक माझे गिअर करकरा वाजवत शिकले, लायसन मिळाल्यावर माझ्या बॉनेटवर थाप मारून गेले आणि नव्या गाड्या घेतल्यावर मला ओळखेनासे झाले. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. माझा वैताग निराळा आहे. मला सगळे दिसते आणि कोणाला काही सांगता येत नाही. हॉर्न आहे, पण तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

एका वर्षी बाईंचे मन आजारी पडले. कारण विचाराल तर त्यांनाही ते नेमके सांगता येत नव्हते. त्या माझ्यात येऊन बसायच्या आणि किल्ली न फिरवताच उतरून जायच्या. शेवटी त्यांच्या मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. परत येताना तोच मला चालवत होता.

“आई, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात आहे ना? गोळी झोपताना घ्यायची. मन हलकं व्हायला काही आठवडे लागतील. तोवर तोंड कोरडं पडेल, झोप येईल, उठताना गरगरेल. ते सांगतील तेव्हाच गाडीला हात लावायचा. आणि दुसरं कुठलंही औषध त्यांना विचारल्याशिवाय नाही.”

“ऐकलंय मी. बहिरी नाही झाले,” बाई म्हणाल्या.

ऐकले होते, पण मानले नव्हते. थोड्याच दिवसांत त्या पुन्हा शिकवायला लागल्या. गोळ्यांची पाकिटे त्यांनी माझ्या पुढच्या कप्प्यात टाकली, तेही मी भर उन्हात उभी असताना. मग त्यांना सर्दी झाली आणि एका सकाळी शेजारणीने दिलेल्या पाकिटातली सर्दीची गोळीही त्यांनी घेऊन टाकली; ते पाकीटही त्याच कप्प्यात गेले.

तेव्हा त्यांच्याकडे औषधांच्या दुकानातली एक फार्मासिस्ट ताई शिकत होती. औषधांत हुशार, स्टिअरिंगला मात्र अगदी कच्ची. त्या सकाळी वळणावर समोरून एक सायकलवाले काका आले. ताईने घाबरून ब्रेकऐवजी क्लच दाबला. मी वाट बघत राहिले. शेजारच्या सीटखालचा ब्रेक आता दाबला जाईल, आता जाईल. बाईंच्या पापण्या जड झाल्या होत्या. पाय आला, पण उशिरा आला. काकांनी बाजूला उडी मारली म्हणून वाचले. कोपर खरचटले, सायकलचे चाक माझ्याखाली वाकडे झाले. माझ्या अंगात जोर असून काय उपयोग होता?

बाईंनी काकांची माफी मागितली आणि ताईला म्हणाल्या, “या मेल्या गोळ्यांनी घात केला. आजपासून बंद.”

“कसल्या गोळ्या?” ताईने विचारले. बाई तोवर सायकल उचलायला वळल्या होत्या.

त्यांनी गोळ्या खरेच एकदम बंद केल्या. चारदोन दिवसांत त्यांना मळमळू लागले, डोके ठणकू लागले. झोप उडाली. हात असे थरथरत की किल्ली भोकात जाईना. मला ओरडावेसे वाटत होते.

ताई पुढच्या खेपेला आली. काच पुसायला फडके हवे म्हणून तिने माझा कप्पा उघडला आणि दोन्ही पाकिटे तिच्या हाती लागली.

“बाई, ही गोळी तुम्ही एकदम थांबवलीत?”

“मग काय करू? तिने झोप येते.”

“आणि ही सर्दीची? हिनेही झोप येते. दोन्ही एकत्र घेतल्यात, म्हणून त्या दिवशी तसं झालं. डॉक्टरांना विचारलं होतंत?”

“शिंका आल्या म्हणून डॉक्टरांना काय विचारायचं?”

ताईचा आवाज चढला. “मी क्लच जरा पटकन सोडला तर तुम्ही मला फैलावर घेता. आणि स्वतः एवढं औषध एका झटक्यात सोडता?”

बाई हळूच म्हणाल्या, “बरं, आज दोन घेऊ का? राहिलेली भरून निघेल.”

“अजिबात नाही. जास्त झाली तर ही गोळी थेट हृदयावर जाते. आणि ती इथे बिनकुलपाच्या कप्प्यात ठेवू नका. लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतेल. आधी डॉक्टरांना फोन करा, इथूनच.”

बाईंनी माझ्यात बसूनच फोन केला. डॉक्टरांनी बोलावून घेतले, रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला. गोळी पुन्हा कमी मात्रेपासून सुरू केली आणि ती थोडी लवकर, रात्रीचे जेवण झाल्यावर घ्यायला सांगितली. सर्दीसाठी त्यांनी वेगळे औषध दिले. गोळ्यांची पाकिटे घरातल्या कुलपाच्या कपाटात गेली आणि मी अंगणात धूळ खात उभी राहिले. कितीतरी आठवडे. माझी बॅटरी उतरली, चिमण्यांनी माझी काच रंगवली. मला राग यायचा आणि मग वाटायचे, या वेळी उभे राहणेच बरे.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बाई परत आल्या. ताई परीक्षेला बसली आणि रिव्हर्स घेताना मला थेट कुंपणात घालून नापास झाली. उतरून ती रडवेली उभी होती. बाईंनी कुंपणाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि त्यांना हसू फुटले. ते थांबेचना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “चला, उद्या सकाळी या. पुन्हा करू.” माझा मागचा दिवा फुटला होता, तरी मला त्या दिवशी तक्रार करावीशी वाटली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी मनाच्या आजाराची गोळी घेत असेल, तर त्या गोळीला हात लावू नका आणि त्यांची थट्टाही करू नका. ते गोळी स्वतःच्या मनानेच थांबवत असतील, मनानेच वाढवत असतील, तर ‘डॉक्टरांना विचारलंत का?’ एवढेच विचारा. मला ते विचारता आले नाही. तुम्हाला तोंड आहे.