उत्तरेची केबल

"काका, उत्तरेची केबल काढा."

"उत्तरेची केबल काढतो. दक्षिणेच्या केबलला हात लावत नाही." फोनवर काकांचा आवाज खणखणीत आला.

परत बोलण्याची ही पद्धत काकांनीच घालून दिलेली. सांगणाऱ्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं जसंच्या तसं परत बोलायचं, मगच हात लावायचा.

मैदानाच्या या टोकाच्या इमारतीत एक भलामोठा संगणक होता, त्या टोकाच्या इमारतीत त्याचा जोडीदार. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी दोन्हींत एकाच वेळी लिहिल्या जात. तिकडून ‘लिहिलं’ असं उत्तर आल्याशिवाय इकडची नोंद पक्की धरली जात नसे. उद्या एका इमारतीला आग लागली, तरी दुसरीतली प्रत शाबूत राहावी म्हणून हा खटाटोप. दोघांचे सवाल-जवाब काचेच्या दोन केबलींमधून डोळ्याचं पातं लवायच्या आत चालत. एक केबल उत्तरेच्या भिंतीलगत गेलेली, दुसरी दक्षिणेच्या. आज उत्तरेच्या केबलचं टोक साफ करायचं होतं. तिच्यावरून जाणारा मजकूर छोटीनं आधीच थांबवला होता. सगळा भार आता दक्षिणेच्या केबलवर होता.

काका त्या टोकाला केबली सांभाळत, छोटी ही या टोकाची ऑपरेटर. केस पिकायला लागले, तरी काकांनी ठेवलेलं नाव तिला चिकटलेलंच होतं.

तिनं फोन ठेवला नाही. हल्ली ती ठेवतच नसे. काका बिनतारी फोन कानाला लावून केबलच्या कपाटापर्यंत चालत आणि ती सोबत बोलत राही. पोहोचलात का? आता कुठली काढताय? परत बोलताना काका एका अक्षरानं चुकत नसत. पण कपाटापर्यंत जाईस्तोवर ते त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलेलं असे. हे फक्त तिला आणि काकूंना माहीत होतं. काकू एकदा तिच्या घरी आल्या आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणाल्या, "निवृत्ती तोंडावर आलीय गं. आता मध्येच घरी बसवलं, तर हे खचतील. तेवढं निभावून ने."

तिनं हो म्हटलं होतं.

"फोन ठेव," मागून साहेब म्हणाले. "मला दवाखान्यांशी बोलायचंय."

"एक मिनिट, साहेब. काका पोहोचू देत."

"ते काय लहान मूल आहेत, बोट धरून न्यायला? परत बोलून घेतलंस ना?"

"घेतलं."

"मग?"

त्या ‘मग’ला एकच खरं उत्तर होतं. ते दिलं असतं, तर काकांची नोकरी तिथंच संपली असती. तिनं फोन ठेवला.

साहेबांनी दवाखान्याचा नंबर फिरवायच्या आतच तिच्यासमोरचा पडदा लाल झाला. पलीकडून उत्तर येईना. इकडचा संगणक काही क्षण ताटकळला, आणि त्याच्यासोबत शहरभरच्या दवाखान्यांचं काम थांबलं. मग त्यानं जोडीदाराचा नाद सोडला आणि एकट्यानंच लिहायला सुरुवात केली. नोंद एकही गेली नाही. फक्त आता प्रत्येक नव्या नोंदीची एकच प्रत होती.

"माझं चुकलं, साहेब. मी दक्षिणेची म्हणाले बहुतेक."

"मी इथंच उभा होतो," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तू उत्तरेची म्हणालीस. तेही उत्तरेचीच म्हणाले." त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "कधीपासून चाललंय हे?"

ती खुर्चीवरून उठली.

"चल," साहेब म्हणाले.

दोघं मैदान ओलांडून गेले. साहेब दारातच थांबले. काका कपाटापुढे उभे होते, हातात दक्षिणेची केबल.

"आलीस? बरं झालं. ही बघ, चालू केबल कोणी तरी काढून ठेवलीय. दिवा लाल झालाय."

"मी काढली, काका. मघाशी," छोटी म्हणाली.

काकांनी च्‌ केलं, पण रागावले नाहीत. मऊ फडकं घेतलं, केबलचं टोक एकाच दिशेनं अलगद पुसलं, भिंगाखाली धरून पाहिलं आणि मगच खाचेत बसवलं. टक्‌ आवाज झाला. दिवा हिरवा झाला. मधल्या वेळात राहून गेलेल्या नोंदी काकांच्या बाजूच्या संगणकातही उतरायला लागल्या.

"रडतेस काय वेडे? होतं असं." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "साहेबांना मी सांगतो, माझ्या हातून झालं म्हणून. माझं काय, मी चाललोच आता. तुला अजून पुष्कळ नोकरी करायचीय."

"काका, नको..."

"तू गप्प राहा. मी बोलतो."

त्यांनी शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या, मनगटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि ते दाराकडे निघाले. त्यांना येताना पाहून साहेबांनी खिशातले हात बाहेर काढले आणि ते सरळ उभे राहिले.