नववी लेव्हल

बाण सुटला आणि गवताच्या गंजीत रुतला. निशाणाची फळी होती दहा हात डावीकडं.

"वारा आहे तिकडं," हे म्हणाले.

त्या खेळात वारा नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. पण मी मेथी निवडत होते, ती निवडत राहिले. दुधाची किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या कस्तुराबाईंना मात्र राहवलं नाही.

"भाऊसाहेब, त्या गड्याला आधी जेवाय घाला. मग मारल त्यो नीट."

हे हसले. हसताना तोंडाची उजवी बाजू अजून जरा मागं राहायची.

आमचे हे म्हणजे नारायणराव, लोहाऱ्याच्या शाळेतले क्लार्क. एकतीस वर्षं झाली, सगळं गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. गेल्या दिवाळीनंतर शाळेत खुर्चीवर बसल्याजागी त्यांना लकवा मारून गेला. तीन महिन्यांत जीभ वळायला लागली. पाय ओढत का होईना, हे अंगणापर्यंत पोचायला लागले. राहिला तो उजवा हात. मनगटापासून पुढं असा लोंबायचा, की कुणीतरी आपल्याकडं ठेवायला दिलाय आणि न्यायला विसरलाय.

खेळ आमच्या अक्षरानं आणून दिला. लेक पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. तिनं आपला जुना लॅपटॉप स्टुलावर मांडला आणि दोन्ही हातांनी धरायचा तो रिमोट बाबांच्या मांडीवर ठेवला. "बोटांना व्यायाम होतो," म्हणाली. जुन्या काळातला एक किल्ला, त्याच्या दारावरचा एक फाटका पहारेकरी. त्याच्याकडं ना घोडं, ना धड चप्पल. सुरुवातीला खेळ त्याचं नाव विचारतो. ह्यांनी बब्रुवान ठेवलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तोंडावरनं तसाच दिसतोय."

"आई, ह्यात जे करू तेच वाढतं," अक्षरानं मला समजावलं होतं. "धनुष्य चालवलं तर धनुष्याची लेव्हल, घोड्यावर बसलं तर घोड्याची. नुसतं बसून काही मिळत नाही."

मला पटलं. संसारातही तसंच असतं, फक्त आकडा दिसत नाही.

ह्यांनी धनुष्य धरलं. रिमोटला बंदुकीसारखा घोडा असतो, तो उजव्या बोटानं दाबून ठेवायचा, म्हणजे दोरी ताणते. सोडला की बाण जातो. बाण लागला की बब्रुवानच्या नावाखालची पट्टी थोडी भरते. पूर्ण भरली की शिंग वाजतं आणि लेव्हल वाढते. पहिली, दुसरी, तिसरी कशीबशी झाली. तिसरीवर गाडी अडली ती पाच आठवडे. रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून हे शाळेत निघाल्यासारखे स्टुलापुढं बसायचे. "आज भरणार," म्हणायचे. बोट दाबून धरता यायचं नाही, मधेच सुटायचं, आणि बाण गवतात.

खेळच होता, तर एवढं कशाला, असं कुणीही म्हणेल. पण श्रावण लागता लागता हेडमास्तर रणधीर सर घरी येऊन गेले होते. चहा घेतला, पंख्याकडं बघत बोलले. "भाऊसाहेब, रजा संपत आली. पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला धाराशिवला डॉक्टरांच्या मंडळापुढं जायचं. कामाला फिट म्हणून लिहून आणा, खुर्ची तुमचीच आहे. नाहीतर मग तब्येतीच्या कारणावरनं निवृत्ती. माझ्या हातात काही नाही बघा."

दोन वर्षं चार महिने नोकरी राहिली होती. सर गेल्यावर हे मला म्हणाले, "शामला, मला घरात बसून मरायचं नाही. काय करू घरात? तुझ्या कोथिंबिरीचं हजेरीपत्रक घेऊ?"

पाचव्या आठवड्यात एका सकाळी बाण ओळीनं गवतात गेले. ह्यांनी रिमोट शांतपणे खाली ठेवला. डाव्या हातानं उजवा उचलला आणि स्टुलाच्या कडेवर आपटला. परत उचलला, परत आपटला. जणू आखडलेली खिडकी होती ती. मी धावले, हात धरला. मनगट लाल झालेलं. "दुखतंय का?" विचारलं.

"नाही," म्हणाले. "तेच तर."

दुपारी गोळी घेतली की हे दोन ते चार झोपत. त्या दुपारी मी रिमोट हातात घेतला.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी कुणी कपटी बाई वाटेन. लग्न झालं तेव्हा मी सातवी पास होते. पुढचं जे काही आलं ते ह्यांच्या कागदांवर गिरवून. परीक्षा झाल्या की हे गुणपत्रकांचे गठ्ठे घरी आणायचे. "एवढं उतरवून दे," म्हणायचे. मी त्यांच्यासारखाच काना काढायचे, त्यांच्यासारखीच वेलांटी. पुढं पुढं सांगायचीही गरज राहिली नाही. पिशवीत रजिस्टर दिसलं की मी पोळ्या उरकून लिहायला बसायचे. तपासणीला साहेब आले की म्हणायचे, नारायणरावांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. हे घरी येऊन सांगायचे आणि आम्ही दोघं हसायचो. त्यांचं राहिलेलं काम मी उरकायचं, ही आमच्या घरची रीत होती. तसंच हे एक राहिलेलं काम.

माझा पहिला बाण गवतात गेला. दुसरा आभाळात, तो कुठं पडला ते अजून कळलेलं नाही. पण माझी बोटं धड होती. पाऊण तासात पट्टी भरली, शिंग वाजलं, चार आकडा आला. मी घाबरून आवाज बंद केला आणि रिमोट होता तसा, वायरीच्या वेटोळ्यासकट ठेवला.

संध्याकाळी हे बसले. आकड्याकडं बघत राहिले.

"चार झाली की गं."

"सकाळचं धरलं असेल," मी म्हणाले.

"उशिरा नोंद केली म्हणजे," हे म्हणाले. आयुष्य ऑफिसात गेलेल्या माणसाला हे कारण पुरलं.

मग रोज दुपारी. आणि मला ते आवडायला लागलं, हेही लिहून टाकते. खरकटी भांडी मोरीत ठेवून मी किल्ल्यावर जायचे. फळीच्या मधोमध बाण बसला की जो आवाज यायचा, तसा आवाज मी आयुष्यात कशातनं काढलेला नव्हता. पाच झाली, सहा झाली. आणि सहावी झाली त्या संध्याकाळी ह्यांचे बाण फळीवर लागायला लागले. एक, दोन, ओळीनं चार.

"बघ," हे म्हणाले. "हात थरथरत नाही बघ."

पडद्यावरचा बब्रुवानचा हात खरंच थरथरत नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन अक्षराला फोन लावला.

"अगं, लेव्हल वाढली की तो माणूस आपोआप नीट नेम धरतो. खेळच तसा आहे," ती म्हणाली. "बोट जरा टेकवलं तरी पुरतं. का गं? बाबांची सहावी झाली? कसली भारी गोष्ट आहे आई."

मी हो म्हणाले.

त्याच वेळी बाहेर जाऊन सांगायचं होतं. पण बाहेर हे डाव्या हातानं भाकरी मोडून खात होते आणि आणखी एक मागत होते. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मी दुसरी भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत बसले, कारण आता थांबले असते तर पट्टी थांबली असती आणि ह्यांच्या लक्षात आलं असतं. अशी एकात एक पाय अडकवत मी बब्रुवानला नवव्या लेव्हलला नेलं.

मंडळाच्या आठ दिवस आधी शिवांजली आली. हाताचे व्यायाम घ्यायला यायची ती पोरगी. तिनं ह्यांच्या मुठीत रबरी चेंडू दिला, दाबायला सांगितलं, आपल्या वहीत काहीतरी मांडलं.

"काका, सुधारणा आहे. पण मी काय म्हणते, मी पत्र देते. अजून तीन महिने मागून घ्या. मंडळ ऐकतं असं पत्र असलं की."

"कशाला?" हे म्हणाले.

"बोटं अजून कामाची नाहीत, काका."

ह्यांनी तिला लॅपटॉप दाखवला. बब्रुवानला उभं केलं, पाच बाण मारले. पाचही फळीवर. "नववी लेव्हल," म्हणाले. "पाच आठवडे तिसरीवर होतो. लिहून घे तुझ्या वहीत."

शिवांजलीनं माझ्याकडं बघितलं. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. तिला वाटलं, घरच्यांना जास्त माहीत. मी हातात चहाचा ट्रे धरून उभी होते. बोलायला तेवढाच वेळ होता, एक कप उचलून ठेवण्याइतका.

"साखर कमी झालीय का गं?" मी तिला विचारलं.

पत्र राहिलं.

पंधरा तारखेला सकाळच्या एसटीनं निघालो. ह्यांनी शाळेचा सदरा घातला होता, खिशाला पेन. बटणं मी लावली, तेवढं चालतं असं त्यांनीच ठरवलं होतं. बस हलली तशी हे मांडीवर बोट वाकवायला लागले, रिमोटचा घोडा दाबतात तसं. बोट वाकत नव्हतं. फक्त मांडीवरनं घसरत होतं. हे खिडकीबाहेर बघत होते, बोटाकडं मी बघत होते.

"अहो," मी म्हणाले, "एक सांगायचं होतं."

"उतरल्यावर सांग. आता बोलून दमवू नको."

बेंबळी गाव मागं गेलं. मग धाराशिव आलं आणि रिक्षा, केसपेपर, रांग. प्रत्येक ठिकाणी मी म्हणत होते, हे झालं की सांगते.

आत तीन डॉक्टर होते. मधल्या बाई वयानं माझ्याएवढ्या, आवाज मऊ. आधी बटण काढायला सांगितलं. मग टेबलावरचं नाणं उचलायला. नाणं टेबलभर फिरलं आणि खाली पडलं.

"असू दे काका. एक ओळ लिहा. नाव, गाव, काहीही."

हे हसले, जणू आता त्यांच्या घरचा विषय निघाला. डाव्या हातानं खिशातलं पेन काढून उजव्यात खोचलं. पेन पडलं. परत खोचलं. नावातला पहिला न अर्धा झाला आणि रेघ कागदाबाहेर, टेबलावर गेली. तिसऱ्यांदा पेन पडलं तेव्हा माझा हात आपोआप पुढं गेला.

"तुम्ही नका, काकू," बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर आम्ही कागदाची वाट बघत बसलो. कागदावर काय येणार ते केसपेपर आत नेणाऱ्या शिपायालाही ठाऊक होतं.

"घाबरलो मी," हे म्हणाले. "घरी बरोबर लागत होते. परत जातो आत. म्हणतो, परत घ्या."

"नका जाऊ."

"घरी येऊन बघा म्हणतो. नऊ लेव्हल आहे. खोटं बोलतोय का मी?"

ते उठायला लागले. मी सदरा धरून खाली बसवलं आणि सांगितलं. दुपारच्या गोळीपासून सगळं. अक्षरा फोनवर काय म्हणाली तेही. शिवांजलीला मी साखरेचं का विचारलं तेही.



"कुठनं कुठपर्यंत?" ह्यांनी विचारलं.

"तीनपासून."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"रजिस्टरासारख्या," हे म्हणाले.

"ते तुम्हीच सांगायचात, अहो."

"व्हय. ते मी सांगितलं होतं." एरवी व्हय न म्हणणारा माणूस. "हे नव्हतं सांगितलं."

परतीच्या एसटीत ते खिडकीकडं बसले आणि मी मधे पिशवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बब्रुवानला पुसून टाकलं. नवा पहारेकरी काढला. खेळानं नाव विचारलं, ते दिलं नाही. पहिली लेव्हल. बाण त्या माणसाच्या पायापाशीच पडत होते. दुपारी गोळी घेऊन झोपायला गेले तेव्हा रिमोट सोबत नेला आणि उशाखाली ठेवला. मी भांडी घासली.

चौथ्या दिवशी शाळेचा शिपाई रामकिसन निवृत्तीचा अर्ज घेऊन आला.

"सर म्हणले, कायबी घाई न्हाय," तो म्हणाला. "फकस्त आजच द्या म्हणलेत."

मी अर्ज भरायला घेतला. नाव, हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख. हे शेजारी बसून सांगत होते. एकही तारीख त्यांना आठवावी लागली नाही. शेवटी खाली सहीची जागा आली. माझं पेन तिथं टेकलंच होतं. त्यांची सही मला झोपेतही येते.

"थांब," हे म्हणाले आणि डाव्या हातानं कागद आपल्याकडं ओढला. "रामकिसन, ऑफिसातनं शाईचं पॅड घेऊन ये."

"अंगठ्याचं? ते कशाला भाऊसाहेब? काकू करत्याल की सही. नेहमीचंच हाय."

माझी मान वर झाली नाही.

"जा, घेऊन ये," हे म्हणाले.

पॅड आलं. एकतीस वर्षं त्यांनी ते टेबलावरनं पालकांपुढं सरकवलं होतं. आता रामकिसननं त्यांच्यापुढं सरकवलं.

"पुरुषाचा डावा अंगठा घेतात," हे स्वतःशीच म्हणाले. "बरं आहे. तो चालतो."

अंगठा शाईवर टेकवला, कागदावर ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला. कुठंही फरपटला नाही. रेघा सगळ्या उमटल्या, मोजता येतील अशा. पुसायला मी पदर पुढं केला. त्यांनी अंगठा उजव्या बाहीला पुसला.

रामकिसन कागदाची घडी घालायला लागला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

"वाळू दे आधी," म्हणाले. "ओला कागद घडी करत नाहीत."