काम असेल तरच

सोफेवाला आपल्या एकुलत्या एका लेकीला म्हणाला होता, "यापुढे या दारात काम असेल तरच यायचं."

रागात माणूस वाटेल ते बोलतो, आणि बहुतेक घरांत असली वाक्यं रात्रीच्या जेवणापर्यंत शिळी होऊन जातात. पण इथे बोलणारा दिल्या शब्दाला जागणारा, गिऱ्हाइकाला मंगळवार म्हटलं की मंगळवारीच सोफा पोचवणारा. आणि ऐकणारी त्याच्याच हाडामांसाची. ती "बरं" म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. खाण तशी माती म्हणतात ते काही उगीच नाही.

भांडणाचं कारण जावई. माणूस म्हणून तो वाईट नव्हता, पण तयार फर्निचरच्या मोठ्या दुकानात विक्रेता होता. सोफेवाल्याच्या मते त्या दुकानातला सोफा म्हणजे भुशाच्या फळीला चिकटवलेलं कापड. आपण जन्मभर स्प्रिंगा हाताने बांधल्या, आणि पोटची पोर त्या भुशात द्यायची? पण लग्न व्हायचं ते झालंच.

लेकीच्या आईने मात्र दोन्हीकडची दारं उघडी ठेवली. ती आठवड्यातून एकदा भरला डबा घेऊन उजळ माथ्याने लेकीकडे जायची आणि रिकामा डबा घेऊन परत यायची. नवरा काही विचारायचा नाही. फक्त ती आली की टीव्हीचा आवाज कमी करायचा. तीही कच्च्या गुरूची चेली नव्हती. त्याला काही सांगायची नाही. शेजारणीला फोन लावायची आणि लेकीची सगळी खुशाली तिला सांगायची, जरा मोठ्याने.

कारखान्याचा पगार पूर्वी लेकच बघायची. कॉलेजात असतानाच तिने केबिनमधल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवलं होतं. कारागिरांचे तास टाकायचे, जादा तास टाकायचे, कोणी उचल घेतली असेल ती वळती करायची, प्रत्येकाच्या पगारावरचा कर कापायचा आणि शेवटच्या तारखेच्या आत सरकारात भरायचा. तारीख चुकली की दंड. घरातले रुसवेफुगवे सरकारला कळत नाहीत.

ती गेल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात सोफेवाल्याने जादा तासांचे पैसे उचलीच्या रकान्यात टाकले. म्हणजे जो जास्त राबला, त्याच्याच पगारातून पैसे कापले गेले. कटिंग मास्तर हा कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. तो पगाराची पावती घेऊन केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"मालक, रविवारी कामाला आलो ते चुकलं का माझं?"

"का रे?"

"नाही, दंड लागलेला दिसतोय."

सोफेवाल्याने खूप उलटसुलट केलं, पण पगार जुळेना आणि कर तर त्याहून जुळेना. शेवटी मास्तरनेच लेकीला फोन लावला. ती आली. काम होतं ना.

ती पहिली चूक खरी होती, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. त्यापुढच्या सगळ्या त्याने मन लावून केल्या.

दर महिन्याला शेवटची तारीख तोंडावर आली की तो चष्मा पुसायचा आणि जादा तास नीट, न चुकता, चुकीच्या रकान्यात टाकायचा. मग मास्तरला म्हणायचा, "जुळत नाहीये बुवा." मास्तर फोन लावायचा. फोन लावताना चेहरा इतका कोरा ठेवायचा की त्याला त्याबद्दलच वेगळा भत्ता द्यायला हवा होता.

लेक यायची. बाप शेजारी उभा राहायचा. बोलणं कामापुरतं.

"सुट्ट्या कोणाकोणाच्या?"

"दोघांच्या. लिहून ठेवल्यात."

"नवीन शिलाईवाल्याचा पगार वाढवलात?"

"वाढवला. हात चांगला आहे त्याचा."

बस. आईही त्याच दिवशी नेमकी डबा द्यायला यायची आणि फोमच्या गठ्ठ्यावर बसून राहायची. एका खेपेला लेकीचं पोट दिसू लागलं. पुढच्या खेपेला ती आली तर खुर्चीच्या पाठीला नवी उशी, कमरेपाशी बरोब्बर फुगीर. तिने वळून बघितलं.

"कापड उरलं होतं," तो म्हणाला.

एवढं भारी कापड कुठल्याच सोफ्यात उरत नसतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती टेकून बसली आणि आकडे टाकू लागली.

बाळ झालं. मधले काही महिने तिने कागद घरी मागवून, आकडे मास्तरला फोनवर सांगून काम भागवलं. मग पुन्हा यायला लागली, पण एकटीच. पहिल्या दिवशी आईने सगळ्यांसमोर विचारलं, "बाळाला आणलं नाहीस ते?"

"त्याचं इथे काय काम?" लेक म्हणाली. आवाजही चढवला नाही.

सोफेवाला बाहेर गेला आणि एका धडधाकट सोफ्याच्या टाचण्या उपसत बसला. नातवाला त्याने बघितलं ते बायकोच्या फोनमध्ये. ती फोन टेबलावर चालू ठेवून न्हाणीघरात जायची आणि आत उगाच नळ सोडून ठेवायची.

अशीच आणखी वर्षं गेली असती. पण सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला कोणाच्या घरचं काय कळणार? कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर पाटी यायला लागली: जुनी आवृत्ती बंद होत आहे, नवी घ्या, लवकरच जुन्यातून करभरणा स्वीकारला जाणार नाही. नवी आवृत्ती इंटरनेटवर चालणार होती. कुठूनही उघडा, कुठूनही पगार करा. पाटीखाली दोन बटणं होती, 'आता' आणि 'नंतर'. 'कुठूनही' हा शब्द सोफेवाल्याने वाचला आणि 'नंतर' दाबलं. मग रोज दाबत राहिला, लेक यायची त्या दिवशी तर ती पोचायच्या आधीच.

एके दिवशी करभरणा खरंच परत आला. त्याच सुमाराला मास्तरने घरासाठी कर्ज मागितलं होतं. बँकेने सांगितलं, तुमच्या पगारावरचा कर भरल्याची नोंद दिसत नाही, कागद पुढे सरकणार नाही. या वेळी मास्तरने फोन लावला तेव्हा त्याचा चेहरा कोरा नव्हता.

लेक आली, कॉम्प्युटर सुरू केला आणि पाटीकडे बघत राहिली.

"बाबा, हे किती दिवस येतंय?"

"काय ते?"

"ही पाटी."

"मला वाटलं जाहिरात आहे."

"जाहिरात? मास्तरांचं घर अडलंय याच्यापायी."

मास्तर दारातच होता. "जाऊ दे ताई," तो म्हणाला. "घर कुठे पळून जातंय. माझंच चुकलं, मी आधीच बोलायला हवं होतं."

त्याने असं म्हणायला नको होतं. सोफेवाल्याची मान खाली गेली ती वर येईना. लेकीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि 'आता' दाबलं.

जुना हिशेब नव्यात न्यायला दुपार लागली. कारखान्यात शिलाईची यंत्रं घरघरत होती, गोंदाचा वास केबिनमध्ये भरून राहिला होता. नवं सॉफ्टवेअर शंकेखोर निघालं. आत घेण्याआधी ते प्रत्येक महिना तपासत होतं आणि जिथे जिथे आकडा मागाहून बदललेला, तिथे लाल खूण करत होतं. लाल खुणांची रांगच्या रांग पडद्यावर उतरली. सगळ्या एकाच रकान्यात.

लेक कितीतरी वेळ ती रांग बघत होती. मग खुर्ची वळवून बापाकडे तोंड करून बसली.

"दर महिन्याला तीच चूक."

तो चष्मा पुसू लागला.

"बाबा, खरंच चुकणारा माणूस दर वेळी नवी चूक करतो. हीच एक कोणी इतकी जपून करत नाही."

फोमवर बसलेल्या आईने डब्याचं झाकण न लावता तसंच हातात धरलं. लेकीच्या आवाजात राग नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती कामाचं सोडून बोलली होती, आणि आता पुढचं वाक्य त्याचं होतं. हे तिघांनाही कळत होतं.

"वय झालं," सोफेवाला म्हणाला. "दिसत नाही नीट."

"बरं," लेक म्हणाली. तेच 'बरं'.

मग तिने त्याला नवी पद्धत समजावली, परक्या गिऱ्हाइकाला समजावावी तशी. तुम्ही फक्त तास टाका. मी घरून बघेन, चुकलं असेल ते बदलेन, कर भरेन. बदल केला की हे कारण विचारतं, ते या चौकटीत लिहायचं. अडलंच तर मास्तरांना सांगा.

"म्हणजे यायला नको तुला," तो म्हणाला.

"नको."

तिने पर्स खांद्याला लावली. दाराशी थांबली. "अजून काही काम आहे?"

सोफेवाल्याने सगळीकडे नजर फिरवली. कारखानाभर माणसांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम पुरवणारा तो माणूस, पण त्याला एक काम सापडेना.

"पंखा आवाज करतो," तो म्हणाला.

"त्याला इलेक्ट्रिशियन लागेल, बाबा."

ती गेली. आईने डबा पिशवीत टाकला. "पंखा," ती म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत दुसरा शब्द बोलली नाही.

पुढच्या महिन्यात शेवटच्या तारखेला सोफेवाला सकाळीच केबिनमध्ये जाऊन बसला. निघताना बायकोला म्हणाला होता, "डबा घेऊन येशील ना?"

"कशाला? ती कुठे येणारे?"

"मी कुठे म्हटलं ती येणारे?"

त्याने तास टाकले. मग मास्तरचे जादा तास उचलीच्या रकान्यात टाकले. नवं सॉफ्टवेअर जुन्यासारखं भोळं नव्हतं. त्याने विचारलं, हा आकडा नेहमीपेक्षा वेगळा आहे, पुढे जायचं? सोफेवाल्याने 'हो' दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

थोड्या वेळाने पडद्यावर कोपऱ्यात 'ताई' असं उमटलं, पुढे हिरवा ठिपका. म्हणजे ती तिच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसली होती. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत, कोणाचा हात नाही की बोट नाही, उचलीतला आकडा पुसला गेला आणि जादा तासांत जाऊन बसला. बदलाचे कारण: चुकीचा रकाना.

तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने आकडा उचलून पुन्हा उचलीत टाकला. कारणाच्या चौकटीत एका बोटाने लिहिलं: चूक झाली.

आकडा परत गेला. कारण: दुरुस्त केलं.

त्याने पुन्हा आणला. तो पुन्हा गेला.

मास्तर कापडाचे नमुने घेऊन आत आला होता, तो तिथेच थबकला. "हे आपोआप होतंय?"

"ताई आहे."

"कुठे?"

"घरी तिच्या."

मास्तरने आपल्याच पगाराचं ते जाणं-येणं जरा वेळ बघितलं. "मालक," तो हळूच म्हणाला, "फोन करा की."

"करून सांगू काय? काम काय सांगू?"

"ते मला काय विचारता. मी कापड कापणारा माणूस." पण जाताना त्याने केबिनचं दार ओढून घेतलं. ते एरवी कधी लागत नसे.

हिरवा ठिपका होता. सोफेवाल्याने आकडा आणखी एकदा हलवला. कारणाची चौकट उघडली. त्याने 'बाळ' लिहिलं आणि पुसलं. 'ये' लिहिलं. ते एकच अक्षर पडद्यावर इतकं उघडंनागडं दिसलं की त्याने घाईघाईने तेही पुसलं. खूप वेळ बसून मग त्याने लिहिलं: तुझी आई वाट बघते.

बटण दाबलं. आकडा हलला नाही. ठिपका हिरवाच राहिला, आणि तो त्या ठिपक्याकडे बघत राहिला.

मग आकडा आपल्या जागी गेला. बदलाचे कारण: आई परवाच येऊन गेली.

तरी तिने पगार पक्का करून महिना बंद केला नाही. ठिपका तसाच होता. ती बसून होती तिकडे, आणि हे त्याला कळत होतं. त्याने चौकट पुन्हा उघडली. बोट अक्षरांवर फिरवलं, जसं एखादं कापड हाताला कसं लागतं ते बघावं. 'मी' लिहिलं. त्याच्यापुढे काय लिहायचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. 'मी' तिथे तसाच राहिला, मग तोही पुसला गेला.

बाहेर यंत्रं थांबली, जेवणाची सुट्टी झाली, पुन्हा सुरू झाली. मग पडद्यावर एक ओळ उमटली: करभरणा झाला, महिना बंद करण्यात आला आहे. सगळे रकाने एकदम राखाडी झाले. ठिपका गेला.

सोफेवाल्याने जादा तासांच्या रकान्यावर बोट दाबलं. काही झालं नाही. उचलीच्या रकान्यावर दाबलं. तिथे शून्य होतं आणि ते शून्यच राहिलं. तो एकेक ओळ वरपासून खालपर्यंत बघत गेला. कुठेतरी काहीतरी राहिलं असेल, एखादी सुट्टी, एखादा तास. शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि पुन्हा वर आला.

मास्तरने दारावर टकटक केली. "मालक, झाला का पगार?"

"झाला," तो म्हणाला. "सगळा बरोबर आहे."