फोटोसाठी घासलेले हात

नवेगाव बांधच्या शिबिरात चामडीची डॉक्टरीण येणार, न कापता, न टोचता, नुसत्या कॅमेऱ्यानं रोग ओळखणार, असं आशाताईनं सांगितलं आणि रुक्माबाईच्या जिवात जीव आला. हातावरच्या पांढऱ्या खपल्या पाहून भाताची रोवणी करणाऱ्या बायांनी तिला चिखलाच्या बांधीतून उठवलं होतं. महारोगच आहे म्हणून सून अल्कानं घरात तिचं ताट वेगळं केलं होतं.

पण फोटो काढायचा म्हटल्यावर कोण मेलं तसंच उठून जातं? रुक्माबाईनं पहाटे टाचा घासायच्या वजरीनं हात घासघासून खपली न् खपली काढली, वरून पावडर लावली आणि नवं लुगडं नेसून गेली.

डॉक्टरीणबाईनं भिंगाचा कॅमेरा हातावर टेकवला, पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हे काय केलं? यात नुसतं रक्त अन् पावडर दिसते. खपल्या अन् त्याखालच्या बारीक नसा दिसल्या तरच मला रोग सांगता येईल. खपल्या परत येऊ द्या."

"मंग तुमी पुन्हा कधी येऊन राहिल्या, बाई?"

"रोवणी संपल्यावर."

घरी पोचली तशी नात धावत आली. अल्कानं तिला मागं ओढलं. "काय सांगतलं डॉक्टरनं?"

रुक्माबाई अंगणात बसून सोललेला हात निरखत राहिली. ज्या खपलीला तिनं उठता-बसता शिव्या घातल्या होत्या, तिलाच आता ती पुटपुटत विनवत होती, "ये वं माय, लवकर ये."