न बोलला जाणारा ओ

कडावजवळच्या एका शाळेत वाल्मिक मास्तर इंग्रजी शिकवायचे. बौद्धवाड्यातले ते पहिले मॅट्रिक. ज्या इंग्रजी शब्दांत ओ आणि ई शेजारीशेजारी येतात, त्यांचं मास्तरांना भारी वेड. अमीबा, फिनिक्स, डायरिया. असा शब्द सापडला की ते फळ्यावर लिहायचे आणि पोरांना सांगायचे, "ही जोडी मूळची ग्रीकांची, लॅटिनातून इंग्रजीत आली. यातला ओ लिहायचा, पण बोलायचा नाही."

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात भाकरी त्यांच्या छातीत अडकायला लागली. पाण्याच्या घोटाबरोबर ते ती खाली ढकलायचे. पुढं मऊ भातही उतरेना.

"अवो, दाखवून या की," बायको इंदूबाई म्हणायची.

"परीक्षा होऊ दे," मास्तर म्हणायचे.

परीक्षा झाली, निकाल लागला, शाळा पुन्हा भरली. तेव्हा कुठं ते शिळफाट्यावरच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं घशातून नळी घालून तपासलं आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला एवढंच सांगितलं, "ईसोफॅगस."

मास्तरांचे डोळे चमकले. हा शब्द त्यांना नवीन होता.

"साहेब, स्पेलिंग ओ-ई नं सुरू होतं का?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिला. "हो. म्हणजे अन्ननलिका. मास्तर, सोबत कोण आलंय?"

त्या प्रश्नानं मास्तर हादरले. आपण शब्दावर खूश झालो होतो, याची त्यांना लाज वाटली.

बाहेर बाकावर इंदूबाई बसली होती. "काय म्हनले?"

"उशीर झाला म्हणाले."

"म्हंजी औषध नाय?"

मास्तरांनी 'नाही' म्हणून मान हलवली.

घरी आल्यावर ते आठवडाभर शाळेत गेले. त्यातच आवाजही बसला. मुलं पुस्तक उघडून गप्प बसायची. मास्तर खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघायचे. फळ्याकडे ते वळलेच नाहीत. पुढच्या सोमवारी ते घरीच राहिले.

इंदूबाई पेज गाळून चमच्यानं पाजायची. अर्धी परत यायची. स्वतः ती न्हाणीच्या आडोशाला उभी राहून, मास्तरांना वास येऊ नये म्हणून कोरडी भाकरी खायची. एका दुपारी मास्तरांनी तिला तिथं पाहिलं. त्यांनी हातानं खुणावलं आणि फुसफुसत म्हणाले, "इथं बस. माझ्यासमोर जेव."

"मला नाय जमायचं."

"जेव गं. सुकटीचं कालवण घे."

तिनं ताट आणलं. मास्तर भिंतीला टेकून तिच्या हाताकडे, तोंडाकडे बघत होते. तिनं दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली, आणि त्यांनी पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं.

"उचलू ताट?" तिनं विचारलं.

ती हातातला घास तसाच धरून बसून राहिली.

दिवाळीच्या आधीच मास्तर गेले.